उपाशी पाणी

२२ सप्टेंबर

आले एकदाची. केंटकीची हद्द ओलांडताना डोळे भरून आले होते, पण टेनेसीच्या डोंगरात शिरल्यावर अशी कडकडून भूक लागली की रडायचं राहूनच गेलं. वाटेतल्या खानावळीत गरम बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही दोनदा मागून खाल्ली. वाढणाऱ्या बाईने विचारलं, उपास होता का? म्हटलं, नवरा सोडलाय, तेव्हापासून अन्न अंगी लागतंय.

लॉरेल फोर्कच्या घळीतलं हे ट्रेलरघर नोकरीबरोबरच मिळालं. छपराला एका जागी डांबर फासलंय, खिडकीतून ओढा दिसतो आणि दोन खोल्यांपैकी एक डेल्सीची. ती मी आल्या आल्या झाडून घेतली. न्यायाधीशबाईंनी बजावलंय की पक्की नोकरी आणि नीट घर दाखवा, शाळेच्या शरदातल्या सुट्टीत पोरगी आठवडाभर तुमच्याकडे सुखाने राहू दे, मग ती कायमची तुमची. तेरा वर्षांची झाली माझी लेक आणि सासूच्या घरी टोमणे खात वाढतेय. हा एक आठवडा बिघडता कामा नये. बाकी जग गेलं खड्ड्यात.

मालकीण रॉक्सी मॅडॉक्स. डोक्यावर केसांचा बुरूज, आणि चिमणीलासुद्धा 'हनी' म्हणेल अशी जीभ. डोंगरभर तिची लाकडी घरं आहेत, पाहुण्यांना भाड्याने द्यायची, आणि प्रत्येकाच्या सज्जात गरम पाण्याचा टब. टब नाही तर गिऱ्हाईक नाही, म्हणाली. लेक्झिंग्टनला मोटेलांचे पोहण्याचे तलाव सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे मला विचारण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नव्हतं. व्हॅनची किल्ली दिली, मिठी मारली, झाली नेमणूक.

२४ सप्टेंबर

दोन दिवस व्हर्लिन केगलबरोबर फिरले. म्हातारा गालात तंबाखू धरून बोलतो, त्यामुळे अर्धं कळतं. गुडघे गेलेत त्याचे, म्हणून मला आणलं. पण पाण्याकडे नुसतं बघून सांगतो की काल रात्री इथे किती माणसं बसली होती आणि त्यातली किती आंघोळ न करता बसली होती.

लोकांना वाटतं, पाणी म्हणजे पाणी. गरम टबाचं पाणी फार नखरेल असतं बाई. आधी अल्कली जागेवर आणायची, मग पीएच, मग क्लोरीन. क्रम चुकला की एकाला चढवा, दुसऱ्याला उतरवा, नव्या सुनेसारखं दिवसभर सगळ्यांची मर्जी सांभाळत बसा. त्यात पाहुणे म्हणजे देवाची करणी. एकाने साबणाचा फेस करायला बाटलीभर शाम्पू ओतला होता. दुसऱ्या टबात कोंबडीची तंगडी सापडली, अर्धी खाल्लेली. व्हर्लिन म्हणाला, सूप पातळ झालंय.

फिल्टरची पद्धत इथेही तीच. मळलेला काढायचा, धुतलेला बसवायचा आणि मळलेला व्हॅनमधल्या पिंपात औषधी पाण्यात भिजत टाकायचा. सुकला की पुढच्या कुठल्या तरी टबाला. सगळे एकाच मापाचे, त्यामुळे कोण कुठला ते बघायचं कारणच नाही. काम मला आवडलंय. पाणी तपासायची कागदी पट्टी बुडवावी, तिच्यावरचे रंग बरोबर उमटावेत आणि पाणी आरशासारखं व्हावं, यात काय सुख आहे ते मला विचारा.

२७ सप्टेंबर

आज 'सेकंड हनिमून' नावाच्या घरी गेले. सगळ्यात वर, एकटंच. व्हर्लिन गाडीतून उतरलाच नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

रॉक्सीने या घराबद्दल आधीच बजावलं होतं की तिथे फक्त क्लोरीन टाकायचं, तेही भरपूर, रोज. टब रिकामा करायचा नाही आणि फिल्टरला हात लावायचा नाही. का, तर जुना टब आहे, सांधे ढिले आहेत. बरं.

पट्टी बुडवली. क्लोरीन शून्य. म्हणजे अगदी पांढरी फटक, आणि घर तर दोन दिवस रिकामं होतं. कालच व्हर्लिनने मापं भरभरून टाकलेलं. कोणी न वापरता पाणी क्लोरीन खातंय, याचा अर्थ आत काहीतरी कुजतंय. पाइपात शेवाळ किंवा मेलेला उंदीर. हे पोरासोरांनाही कळतं.

दुसरी गंमत अशी की सज्जात पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं टांगलंय, काठोकाठ भरलेलं, टबाच्या बरोब्बर वर. या डोंगरात कोणी असलं भांडं टांगत नाही. दाण्याच्या वासाने अस्वलं येतात, हे इथल्या तान्ह्या पोराला ठाऊक. रॉक्सीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पाहुण्यांना अस्वल बघायचं असतं, हनी, राहू दे.

३० सप्टेंबर

राहवलं नाही. असलं गलिच्छ काम माझ्या नावावर नको. आज त्या टबाचा फिल्टर काढलाच. देवा रे! घड्यांमध्ये अस्वलाचे काळे केस कोंबलेले, आणि वर मलईसारखा गुलाबीसर, चिकट थर. हाताला बिलगत होता. बोट झटकलं तरी सुटेना, पँटला पुसावं लागलं.

धुतलेला फिल्टर बसवला आणि तो घाणेरडा नेहमीसारखा पिंपात टाकला. आता बघते कसं क्लोरीन टिकत नाही ते. रॉक्सीला सांगायची गरज नाही. पाणी सुधारलं की स्वतःच विचारेल.

४ ऑक्टोबर

ट्रेलरमागे एक जुना छोटा टब पडला होता, कोणीतरी टाकून दिलेला. चार संध्याकाळी खपून दुरुस्त केला. आज ओढ्याच्या बाजूला फरशीवर बसवला, पाणी भरलं, पिंपातला एक धुतलेला फिल्टर लावला. लेक येणार अकरा तारखेला. सासूच्या घरी नळाला गरम पाणीसुद्धा मोजून मिळतं, इथे पोरगी तारे बघत गळ्यापर्यंत बुडून बसेल. फोनवर तिला सांगितलं नाही, आल्यावर बघू दे. सासूने मध्येच फोन घेऊन विचारलं, नोरीन, तुझं हे पाणी ढवळायचं काम किती दिवस टिकणार? मी गोड हसले. मनात काय म्हटलं ते लिहीत नाही.

७ ऑक्टोबर

नीट लिहिते, म्हणजे कळेल की मी शुद्धीवर आहे.

आमच्या सुट्टीमुळे दोन दिवस 'सेकंड हनिमून'ला कोणी गेलं नव्हतं. आज सकाळी पायऱ्या चढत होते तर सज्जात अस्वल. तरणी मादी, दाण्याच्या भांड्यासाठी टबाच्या काठावर मागच्या पायांवर उभी. मी जागीच थांबले. हसूच आलं होतं. मग तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात पडली.

इथली अस्वलं टबात हौसेने बसतात, फोटो निघतात त्यांचे. ही बसली नाही. ओरडली. अस्वल असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं, बाईच्या किंकाळीसारखं. पंजे काठावर रोवून ती वर यायला बघत होती आणि पाणी तिला खाली ओढत होतं. पाणी! आत दुसरं काही नव्हतं, मी बघितलं. तिच्या पाठीची कातडी सालासारखी निघाली, मग मांस, मग कण्याचे मणके उघडे पडले आणि पंजे अजून लाकूड खरवडत होते. टब लाल झाला. मग गुलाबी. मी उभी होते तोवर, उभ्या उभ्या, पुन्हा नितळ झाला.

आणि मी काय केलं? मी पट्टी बुडवली. सवयच ती. अल्कली, पीएच, क्लोरीन, सगळं जिथल्या तिथे. माझ्या आयुष्यात मी इतकं बरोबर पाणी बघितलं नाही.

८ ऑक्टोबर

व्हर्लिनला धरून बसवलं आणि बोलतं केलं. त्याला ठाऊक होतं. रॉक्सीचा नवरा डेल कोणा वेट्रेसबरोबर पळाला असं गावभर झालंय, तो कुठेही पळाला नाही. टबात बसला होता. रॉक्सीला तळाशी त्याची अंगठी आणि दात सापडले. तक्रार केली तर घर बंद, धंदा बंद, आणि नवऱ्याला मारलं म्हणून तीच आत. मग तिने पाण्याची खोड ओळखली. क्लोरीन आहे तोवर ते क्लोरीन खातं आणि गप्प असतं. ते संपलं की मांस मागतं. म्हणून मापं भरभरून टाकायची आणि कधी चुकलंच तर माणसाआधी अस्वल सापडावं म्हणून ते दाण्याचं भांडं.

मी ओरडले त्याच्यावर. उद्या तिथे नवं जोडपं येतंय, लग्न होऊन चार दिवस झालेलं. व्हर्लिन खाली बघत म्हणाला, "आपण चुकलो नाही तर त्यांना काही होत नाही, पोरी. चुकायचं नाही, बस."

मी शेरीफकडे जाणार होते. मग अकरा तारीख आठवली. नोकरी गेली की घर गेलं, घर गेलं की डेल्सी. गेले नाही. आजच दुप्पट माप टाकून आले आणि तिथल्या कपाटात क्लोरीनचा मोठा डबा ठेवून आले.

१० ऑक्टोबर

त्या जोडप्याने दाराला 'त्रास देऊ नका' अशी पाटी लावली होती. काल मी दोनदा दार वाजवलं. त्यांनी आतून हसून परत पाठवलं.

आज सकाळी तिच्या ओरडण्याने खालच्या घरातले लोक धावले. मी पोचले तेव्हा ती त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत होती आणि तो बाहेर येत होता, पण सगळा नाही. गुडघ्यांपासून खाली नुसती हाडं, स्वच्छ, पांढरी, चाटून ठेवल्यासारखी. तो आपल्या पायांकडे बघत होता. ओरडतसुद्धा नव्हता. तिला विचारत होता, माझे बूट कुठे गेले. इस्पितळाची गाडी यायच्या आत मेला.

शेरीफची माणसं आली. अस्वलाच्या नखांचे ओरखडे काठावर होतेच. रॉक्सी रडत म्हणाली, या वर्षी अस्वलं फार धीट झालीत. त्यांनी मान डोलावली. पिंजरा लावणार म्हणे.

मी गप्प बसले नसते तर तो जिवंत असता. हे लिहून ठेवते. यावर पांघरूण नको.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ

मी रॉक्सीला सांगितलं की आज टब रिकामा होईल नाहीतर मी तोंड उघडेन. ती तयार झाली. घाबरून नव्हे. शांतपणे, खरेदीला निघावी तशी.

पंप सोडला, नळी दरीत टाकली. क्लोरीनचा अख्खा डबा वरून ओतला, तरी पाणी निम्म्यावर आल्यावर खवळलं. कमी होणं त्याला खपत नाही. पंप वेडावाकडा सरकला, तो सरळ करायला व्हर्लिन वाकला, आणि पाणी उभं राहिलं. खरंच उभं राहिलं, त्याच्या कोपरापर्यंत. मी बाजूला पडलेली पहार घालून पंपाची वायर उपटली, व्हर्लिनचा कमरेचा पट्टा धरून मागे खेचलं. हात आला. कोपरापुढे बोटांपर्यंत नुसती हाडं, एकमेकांना धरून राहिलेली, आणि मी खेचताना ती एकेक करून सुटली. पट्टा दंडाला आवळला. रक्त माझ्या तोंडात गेलं. आणि रॉक्सी पायऱ्यांवर उभी, स्वेटरची बटणं लावत.

मी पहार घेऊन तिच्या अंगावर गेले होते. व्हर्लिनने हाक मारली म्हणून थांबले.

व्हर्लिनला इस्पितळात पाठवून पंप पुन्हा लावला, खाऊन पाणी निवलं होतं. शेवटचा थेंब जाईपर्यंत उभी राहिले. टब कोरडा पडला. तळाला हात लावून बघितला, नुसतं प्लास्टिक. संपलं. व्हर्लिन इस्पितळात आहे, जगेल म्हणतात. डेल्सीला येऊ नको म्हणावं का, असा विचार दहादा केला. पण टब तर कोरडा आहे. आणि मी नाही म्हटलं तर सासू तेच न्यायाधीशबाईंना सांगेल.

११ ऑक्टोबर

आली! किती उंच झालीय. ट्रेलर बघून नाक मुरडेल वाटलं होतं, तर आल्या आल्या पलंगावर उड्या मारल्या. राजम्याची उसळ आणि मक्याचा पाव केला, दोन वाट्या खाल्ल्या. मग टब दाखवला. किंचाळलीच आनंदाने. तासभर बसली, गात होती. मी पायरीवर बसून ऐकत होते. आधी मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून बघितला, पट्टी बुडवली, सगळं ठीक. मी सारखी तिच्या पायांकडेच बघत होते.

म्हणाली, "मम्मा, मला इथेच राहायचंय. आजीला तूच सांग."

१२ ऑक्टोबर

सकाळी आमच्या टबात क्लोरीन शून्य. पट्टी पुन्हा बुडवली, तरी शून्य. मग स्वतःलाच दटावलं. पोरीने अंगाला सुगंधी तेलं चोपडली होती, केसाला काय काय लावलं होतं, त्यात उडणारच. चांगलं भरून माप टाकलं. व्हर्लिनला भेटून येते. डेल्सी झोपलीय, उठवत नाही.

१२ ऑक्टोबर, दुपार

व्हर्लिन शुद्धीवर होता. पहिला प्रश्न त्याने हाताचा नाही विचारला. म्हणाला, "टब रिकामा केलास, पण फिल्टर? तो मी बघितला, नवा होता. जुना कुठे टाकलास?"

नुसत्या पाण्यात नसतं ते, म्हणाला. मूळ त्या चिकट थरात असतं. फिल्टरमध्ये. म्हणून रॉक्सी हात लावू देत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच—

पिंपात टाकला होता. पिंपातून—

गाडी कशी चालवली आठवत नाही.

नंतर

डेल्सी टबात आहे. जिवंत आहे. मी आले तेव्हा काठाला धरून बसली होती, ओठ पांढरे. म्हणाली, मम्मा, पाय सुटत नाहीये. ओढून बघितलं. जितकं ओढावं तितकं ते आवळतं. ती ओरडली, मी थांबले.

क्लोरीन टाकलं. ढील दिली त्याने, पण सोडलं नाही. पट्टी बघतेय. काही मिनिटांत उतरते. मग पुन्हा टाकायचं.

फोन लागत नाही, या घळीत कधीच लागत नाही. गाडीचा भोंगा वाजवला. वाजवत राहिले. कोणी नाही. फोन लागतो त्या चर्चच्या वळणापर्यंत गेले तर परत येईपर्यंत पट्टी पांढरी. रिकामं करता येत नाही, व्हर्लिनचं बघितलं. वीज तोडली, काही फरक नाही.

तिची कातडी लाल झालीय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. माझ्या हाताने पोरीला ब्लीचमध्ये घालतेय मी. रडत नाही ती. मला विचारते, किती उरलंय. मी सांगते, खूप आहे गं. डब्याचा तळ दिसतोय.

हे मी तिच्या शेजारी बसून लिहितेय. कोणाला सापडलं तर— पिंपात सगळे फिल्टर एकत्र भिजले होते. ते मी रॉक्सीच्या घरांत लावले, 'ब्लू मिस्ट'ला, 'ग्रॅनीज लॅप'ला, 'टू हार्ट्स'ला. आणखी कुठे आठवत नाही. आज सगळीकडे माणसं येतायत, पोरंबाळं घेऊन. त्यांना पाण्यात उतरू देऊ नका. फिल्टर जाळा. धुवू नका, जाळा. रॉक्सी मॅडॉक्सला सगळं ठाऊक आहे. मलाही होतं.

नंतर

शेवटचं माप टाकलं.

तिला सांगितलंय काय करायचं ते. ते मांस मागतं, आणि त्याचं तोंड एका वेळी एकाच जागी असतं. अस्वलाच्या वेळी बघितलंय. मी दुसऱ्या कडेला डावा हात घालते. तुझा पाय सैल झाला की उडी मार आणि पळ. मागे बघायचं नाही. मी हाक मारली तरी नाही. नाही म्हणत होती. थोबाडीत मारली तिच्या. आयुष्यात पहिल्यांदा. आता मान डोलावतेय.

कुठे जाऊ, विचारतेय.

आजीकडे जा गं राणी. मोठ्या रस्त्यावर गाडी थांबव आणि आजीकडे जा. तिथेच राहा. तिचं सगळं ऐक. वही घेऊन जा, मी फेकेन ती पकड—

पट्टी पांढरी.

हात घातला.

सोडतंय. डेल्सी, सोडतंय ते, निघ, नि—

निघाली. पळतेय. पळ. मागे नको बघू, पळ, अगं वही राहिली, नको परत येऊ, नको येऊस डेल्सी, मी फेकते, तू तिथेच थां—